‘कोठे’ या रकान्यात अडलेली समुद्रसफर

भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा सागरी प्रवाह नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात दक्षिणेकडे वाहतो. हिवाळ्यात तोच उलटा फिरून उत्तरेकडे जातो आणि बंगालच्या उपसागरातले कमी खारे पाणी सोबत आणतो. हा बदल मोजायचा तर एकाच रेषेवर दोन्ही ऋतूंत जावे लागते. म्हणून आम्ही रत्नागिरीसमोर १७ अंश उत्तर अक्षांशावर एक सफर सप्टेंबरच्या आरंभी, खोलातले थंड, कमी प्राणवायूचे पाणी किनाऱ्याकडच्या उथळ भागात चढलेले असताना, आणि दुसरी जानेवारीत आखली. जहाजाचे दिवस मिळाले, उपकरणे ठरली, वैद्यकीय तपासण्याही झाल्या.

अडले ते कोल्हापुरात, आमच्याच संस्थेच्या कार्यालयात. प्रवास-मंजुरीच्या अर्जात ‘कोठून’ आणि ‘कोठे’ असे दोन रकाने होते. जहाज मुरगाव बंदरातून निघून मुरगावलाच परतणार होते, त्यामुळे मी ‘कोठे’खाली मोजणीच्या ठिकाणांचे अक्षांश-रेखांश लिहिले. ‘ठिकाणाचे नाव नमूद करावे’ असा लाल शाईतला शेरा मारून फाईल परत आली. मी ‘अरबी समुद्र’ असे लिहिले. तीही परत आली. समक्ष भेटलो तेव्हा संबंधित लिपिक म्हणाले, “सर, गावाचं नाव टाका. अंश-मिनिटांवर भत्ता कसा काढायचा?” १७ अंश उत्तर, ७२ अंश पूर्व येथे, किनाऱ्यापासून सुमारे १४० किलोमीटरवर, गाव नाही, हे मी त्यांना नकाशा पसरून दाखवले. त्यांनी तो शांतपणे पाहिला आणि फाईल वरिष्ठांच्या अभिप्रायासाठी पाठवली. तिथे ती तीन आठवडे पडून राहिली. रोज सकाळी राजाराम बंधाऱ्याची उतरती पाणीपातळी वाचताना माझा जीव खालीवर होत असे, कारण पाऊस सरला की खालून वर येणारे ते पाणीही ओसरते आणि ती मोजणी थेट पुढच्या वर्षावर जाते. कार्यालयाच्या लेखी तो केवळ विलंब होता. आमच्या लेखी एक संपूर्ण ऋतू.

अखेर जहाज चालवणाऱ्यांकडून चढण्या-उतरण्याचे बंदर, तारखा आणि ‘समुद्रावरील मुक्काम जहाजावरच’ हे स्पष्ट करणारे पत्र मागवले. ते नकाशासह जोडताच दोन दिवसांत सही झाली. हे पत्र पहिल्याच अर्जाला जोडावे, आणि फाईल देताना आवक क्रमांक लिहून घ्यावा. तो नसता तर ती कोणत्या टेबलावर आहे हेही मला कळले नसते.

वेळेच्या हिशेबाचे सांगायचे राहिले. क्षारता, तापमान आणि खोली मोजणारे सीटीडी सेकंदाला १ मीटर वेगाने २००० मीटर उतरवून वर घेण्यात तासाहून अधिक वेळ जातो, आणि पाण्याचे नमुने घेण्याचे थांबे त्यात धरलेले नाहीत. पुढचे ठिकाण २० सागरी मैलांवर असेल, तर १० नॉट, म्हणजे ताशी १० सागरी मैल, वेगाने आणखी दोन तास लागतात. खवळलेल्या समुद्रासाठी एक मोकळा दिवस राखावाच; आम्ही तो राखला होता आणि तो पूर्ण वापरला गेला.

जानेवारीच्या अर्जाला ते पत्र मी पहिल्याच दिवशी जोडले आहे.