मोहरावरच्या माश्या

फेब्रुवारीअखेर, रविवार

परसातल्या हापूसचा उशिराचा मोहर आता पुरता फुललाय. सकाळी ऊन अंगाला लागायला लागलं की झाड घुमायला लागतं. येणारा-जाणारा वर बघून म्हणतो, "मधमाश्या बऱ्याच आल्यात की!" मी सध्या रोज भिंग घेऊन खालच्या फांद्यांपाशी उभी असते आणि माझं मत पक्कं होत चाललंय: या घुमण्यातला मोठा वाटा मधमाश्यांचा नाही, साध्या माश्यांचा आहे. सातेरी मधमाश्या येतात, बारकी फुलोरी मधमाशीही दिसते, पण त्या थोड्या.

आज एक फार सुरेख माशी हाताच्या अंतरावर सापडली. अंगाने मधमाशीएवढी, पोटावर पट्टे, गुणगुणही तशीच. पण ती हवेत एका जागी अगदी निश्चल थांबायची, मग झटकन हातभर बाजूला सरकून पुन्हा थांबायची. तिथेच शंका आली. मोहरावर टेकली तेव्हा भिंग जवळ नेलं आणि डोळे दिसले. फिकट पिवळसर डोळ्यांवर गडद ठिपके, कोणी शाईचं पेन झटकावं तसे. दोन्ही डोळे माथ्यावर एकमेकांना भिडलेले, म्हणजे हा नर असणार. यांच्यातल्या पुष्कळ जातींत मादीच्या डोळ्यांमध्ये फट असते. त्याने पुढचे दोन पाय एकमेकांवर घासले, डोक्यावरून फिरवले, मग सोंड टेकवून एकेक फूल चाखत पुढे गेला. ही एरिस्टॅलिनस, सिरफिड म्हणजे फुलांवर हवेत थांबून उडणाऱ्या माश्यांच्या कुळातली. जात कुठली ते फोटो नीट बघून ठरवेन, घाई नाही.

मधमाशी आणि माशी वेगळी ओळखायची तर पुस्तकं पंख मोजायला सांगतात. मधमाशीला चार, माशीला दोन. खरं आहे, पण झाडावर ते जमत नाही, कारण मधमाशीचे मागचे पंख बारीक आकड्यांनी पुढच्यांना अडकवलेले असतात आणि उडताना चारांचे दोनच वाटतात. त्यापेक्षा मिशा बघाव्यात. मधमाशीच्या लांब आणि कोपरात वाकलेल्या, सिरफिडच्या इतक्या आखूड की शोधाव्या लागतात. मागच्या पायावर परागाचा गोळा दिसला तर प्रश्नच मिटला, ती मधमाशी. माशीला डंख नसतो. मधमाशीचं रूप घेतल्यामुळे पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत, एवढंच तिचं संरक्षण.

या एरिस्टॅलिनसची अळी घाण, साचलेल्या पाण्यात वाढते. शेपटीसारखी लांब नळी पाण्याबाहेर काढून ती श्वास घेते. गोठ्यामागच्या डबक्यात ती वळवळताना पाहिली की लोक तोंड फिरवतात. तीच पुढे या ठिपक्यांच्या डोळ्यांनी मोहरावर येते, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

दुसरी सिरफिड लहान, सडपातळ, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची. इस्चिओडॉन असावी. तिच्या अळ्या मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, खातात. कडव्या वालाच्या शेंड्यांवर काळा मावा आला की त्यात या पाय नसलेल्या अळ्या हमखास सापडतात. डोकं उचलून चाचपडत मावा पकडतात आणि शोषून टाकतात. ज्याच्या वालावर मावा आहे त्याने फवारायच्या आधी एकदा तरी त्या शोधाव्यात.

शेवग्यावर मोठा निळा-काळा भुंगा रोज येतो. त्याचं घर पडवीच्या जुन्या वाशात आहे, खाली भुसा पडलेला असतो. त्याच्याबद्दल पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन.

मोहरावर हिरव्या-निळ्या चकाकणाऱ्या, लाल डोळ्यांच्या माश्याही असतात, मासळीबाजारात दिसतात त्याच. त्यांची किळस करू नये. आंब्याचा पराग चिकट, वाऱ्याने फारसा जात नाही. एका मोहरात शेकड्यांनी फुलं, पण त्यातली बरीचशी नुसती नर. फळ धरू शकणारी थोडी, आणि हापूसमध्ये तर ती आणखीच कमी. त्या थोडक्यांपर्यंत पराग पोचवायला कोणीतरी फुलाफुलांवर चालायला हवं. तैवानमध्ये आंब्याच्या बागांत मुद्दाम मासळीचा कचरा ठेवून या माश्या वाढवतात. अर्थात मोहरावरची प्रत्येक माशी फुलासाठीच येते असंही नाही. काही नुसता तुडतुड्यांचा, म्हणजे मोहराला लागणाऱ्या बारीक किडीचा, चिकटा चाटत पानांवर बसलेल्या असतात. म्हणून ती कुठे तोंड घालते तेही बघावं लागतं.

तुडतुड्यांवरूनच आज शेजारच्या काकांशी बोलणं झालं. पंप खांद्याला लावून ते बांधापाशी थांबले.

"काय गो, काय बघत्येस एवढं?"

"माश्या बघत्ये, काका. तुम्ही आज मारताय का औषध?"

"तुडतुडा दिसला काल. खार पडली तर मोहर जाईल सगळा."

त्यांची काळजी रास्त आहे. तुडतुडा मोहरातला रस शोषतो, चिकट स्राव टाकतो आणि त्यावर काळी बुरशी धरते, यालाच खार पडणं म्हणतात. म्हणून आम्ही दोघांनी त्यांच्या कलमांखाली जाऊन बघितलं. तुडतुडा ओळखायला सोपा: पुढे रुंद, मागे निमुळता, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. फांदी हलवली की तिरका सरकतो नाहीतर टपकन उडतो; फार झाले तर झाडाखालून जाताना तोंडावर आपटतात. आम्ही चारी बाजूंचे मोहर हलवले. तुरळक होते. मोहर पुरता फुललेला असताना फवारणी टाळा, हे बागायतदारांना नेहमी सांगितलं जातं, काकांनाही ते ठाऊक आहे. पण औषधाने मरणाऱ्यांत कोण कोण असतं, हे त्यांनी कधी जवळून पाहिलं नव्हतं. मी भिंग त्यांच्या हातात दिलं. एक ठिपक्यांच्या डोळ्यांची शांत बसली होती, ती त्यांनी बराच वेळ न्याहाळली.

"ही चावत नाय?"

"नाही हो. डंखच नाही तिला."

दोन-तीन दिवसांआड मोहर हलवून बघायचे, तुडतुडा वाढला तर तेव्हाचं तेव्हा ठरवायचं, नाहीतर कणी, म्हणजे अगदी बारीक फळ, धरेपर्यंत थांबायचं, असं ठरलं. पंप त्यांनी परत खोपीत नेऊन ठेवला. भिंग मात्र मागून घेतलं; संध्याकाळी नातवाला दाखवायचंय म्हणाले.