आयबीची दोन वर्षं आणि मामाचं गुऱ्हाळ

दहावीपर्यंत विज्ञानातला माझा एकही प्रयोग चुकला नाही, कारण निष्कर्ष काय यायला हवा ते जर्नलमध्ये आधीच लिहिलेलं असायचं. एसएससी बोर्ड, सेमी-इंग्रजी, कोल्हापूर जिल्हा. तिथून शिष्यवृत्तीवर पुण्याकडच्या एका निवासी शाळेत गेले आणि अकरावी-बारावीऐवजी आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा केला. स्टेट बोर्डातून तिकडे जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितेय.

हा अभ्यासक्रम १९६८ साली जिनिव्हात सुरू झाला. सहा विषय, त्यातले साधारणपणे तीन हायर लेव्हलचे आणि तीन स्टँडर्डचे. प्रत्येक विषयाला ७ पैकी गुण, म्हणजे ४२. उरलेले ३ गुण टीओके, म्हणजे ज्ञानमीमांसा, आणि एक्स्टेंडेड एसे (स्वतः शोध घेऊन लिहायचा दीर्घ निबंध) या दोन्हींचे मिळून. एकूण ४५, डिप्लोमासाठी किमान २४. शिवाय कॅस नावाखाली कला, खेळ आणि सेवा ही दीड वर्ष करायची असतात. माझे हायरला केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि जिऑग्राफी होते.

विषय निवडताना घाई करू नका. गणिताचे दोन प्रकार आहेत, एए (अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस) आणि एआय (अ‍ॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन). मला समुपदेशकांनी सांगितलं, "कुठलंही घे, फरक पडत नाही." फरक पडतो. परदेशातली बरीच इंजिनिअरिंग कॉलेजं 'एए'च मागतात, तेही हायर लेव्हलला. एका सीनियर ताईने वेळेवर सांगितलं म्हणून मी पहिल्या महिन्यातच एआय सोडून एए घेतलं.

निकालाचंही इथेच सांगून टाकते. मे महिन्यात परीक्षा, जुलैच्या पहिल्या आठवड्यात निकाल. मला ३४ मिळाले. एका कॉलेजच्या खिडकीवर "टक्के किती?" असं विचारलं आणि गुणपत्रिकेवर टक्के नाहीत म्हणून अर्ज परत केला. दोन हेलपाटे पडले. भारतीय विद्यापीठांचा संघ, एआययू, आयबी डिप्लोमाला बारावीच्या समकक्ष मानतो. त्याचा कागद फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा.

आता एक्स्टेंडेड एसे. मर्यादा चार हजार शब्दांची, विषय आपला, प्रश्नही आपलाच. मार्गदर्शक सगळं मिळून तीन ते पाच तास देतात, बाकी आपण. मी पहिल्यांदा लिहून नेलं, "कोल्हापुरी गुळाची गुणवत्ता." सर म्हणाले, "हा विषय झाला. प्रश्न कुठाय?" महिनाभर मी प्रश्नच शोधत होते.

तो सापडला मामाच्या गुऱ्हाळावर. काहिलीत रस तापायला लागला की तात्या, म्हणजे आमचे गुळवे (गूळ बनवणारे कारागीर), त्यात चुन्याची निवळी घालायचे, भेंडीचं पाणी घालून मळी काढायचे. पाक झाला का हे बघायला थेंब पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळायची. मी थर्मामीटर धरला तर ११८ अंश. "तात्या, चुना किती घालता?" "रस सांगतोय तेवढा." रस आंबट असतो आणि आम्लात तापवला की साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं, मग गूळ घट्ट बसत नाही. ठरलं: चुन्याने रसाचा पीएच (आम्लता सांगणारा आकडा; तो वाढला की आम्लता कमी) बदलला तर या फुटलेल्या साखरेचं प्रमाण कसं बदलतं?

पहिला प्रयत्न वाया गेला. मळ्यातून रसाच्या सहा बाटल्या भरून एसटीने पुण्याला आणल्या. सकाळी झाकणं फुगलेली आणि वास आंबूस. प्रयोग करण्याआधीच साखर फुटून गेलेली. मग शाळेजवळच्या रसवंतीतून, आलं-लिंबू न घालता, ताजा रस आणून तासाभरात कामाला लागायचे. रसात चुना घालून पीएच बदलायचा, रस तापवायचा, मग फेहलिंगचं द्रावण (फुटलेली साखर मोजायचं रसायन) उकळत ठेवायचं, ब्युरेटमधून रस थेंबाथेंबाने सोडायचा, मिथिलीन ब्लूचा निळा रंग जाऊन खाली विटकरी साका दिसला की थांबायचं. पाच पीएच, प्रत्येकी पाच वेळा.

आलेख सुरेख आला. पीएच ५ पासून ९ पर्यंत फुटलेली साखर कमी कमी होत गेलेली. मी निष्कर्ष लिहूनही टाकला: चुना जितका जास्त, तितका गूळ चांगला.

दिवाळीच्या सुट्टीत तो कागद तात्यांना दाखवला. आडवी रेघ चुन्याची, उभी साखरेची, एवढंच सांगितलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि उजव्या टोकावर बोट ठेवलं. "हितं गूळ काळा पडला आसंल बघ."

माझ्या चंचुपात्रातला रस तिथे खरोखरच गडद तपकिरी झाला होता. मी ते वहीत नोंदवलंही होतं, पण त्याचा विचार केला नव्हता. परत जाऊन वाचलं तेव्हा कळलं, अल्कलीत ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच मोडतात आणि त्यातूनच तो रंग येतो. म्हणजे पीएच ९ चा माझा कमी आकडा साखर वाचल्याचा नव्हता, फुटलेली साखरही पुढे नासल्याचा होता. जवळजवळ हजार शब्द नव्याने लिहिले.

शेवटच्या मुलाखतीत, तिला व्हायवा व्होचे म्हणतात, सरांनी विचारलं, "हे तुला कुठून सुचलं?" मी तात्यांचं नाव सांगितलं. "मग ते संदर्भयादीत का नाही?" त्या संध्याकाळी मामाला फोन लावून तात्यांची परवानगी घेतली आणि शोधनिबंधांच्या खाली एक ओळ वाढवली: त्यांचं पूर्ण नाव, गुळवे, प्रत्यक्ष मुलाखत.