फुकट आलेल्या झाडाची किंमत

आमच्या गावच्या वाचनालयासाठी दरवर्षी 15 ऑगस्टला, शाळेतले ध्वजवंदन आटोपल्यावर, घरात ठेवण्याच्या कुंडीतल्या झाडांची विक्री होते. ही सारी झाडे लोकांनी दिलेली असतात आणि ती उन्हाळाभर सांभाळून त्यांच्यावर किमतीची चिठ्ठी लावण्याचे काम माझ्याकडे असते. त्यामुळे एक प्रश्न मला विक्रीच्या टेबलापाशी, बसस्थानकावर आणि लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो : "तुम्हाले तं झाड फुकटच भेटलं ना जी, मंग पैसे कायचे? अन् इतकेच कावून?" म्हणून त्याचे उत्तर एकदा नीट लिहून ठेवते.

पैसे का, याचे उत्तर सरळ आहे. ज्याने झाड दिले त्याने ते वाचनालयाला दिले. जो ते घरी नेणार आहे त्याला दिलेले नाही. देणाऱ्याची इच्छा अशी असते की आपल्या मनी प्लँटमधून पोलीस भरती किंवा तलाठी भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना एखादे पुस्तक मिळावे. मी झाड पाण्याच्या भावाने देऊन टाकले, तर त्याचे दान अर्ध्या वाटेत थांबते. आणि भाव असा लावला की गावातल्या माणसाने नुसते पाहून पुढे जावे, तर ज्यांच्या मुलांसाठी वाचनालय चालते त्यांनाच आम्ही दाराबाहेर ठेवले असे होते. किंमत या दोन्हींच्या मध्ये कुठे बसते, हे दर वर्षी प्रत्येक झाडापाशी उभे राहून ठरवावे लागते.

मात्र किमतीच्या आधी झाड जगवणे येते, आणि विदर्भात ते सोपे नाही. बहुतेक झाडे आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये येतात, कारण शिक्षक, ग्रामसेवक आणि बँकेतल्या मंडळींच्या बदल्या त्याच सुमारास होतात आणि सामानाच्या गाडीत कुंड्यांना जागा नसते. म्हणजे झाड आपले घर सोडते ते नेमके नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांच्या तोंडावर, जेव्हा पारा 45 अंशांच्या आसपास असतो. त्या दिवसांत मी कुंडी बदलत नाही, खत घालत नाही, छाटणीही करत नाही. उत्तरेकडच्या भिंतीलगत, हिरव्या जाळीखाली, ओल्या पोत्यांच्या आडोशाला झाड ठेवायचे आणि पहाटे पाणी द्यायचे, एवढेच. मुळे सडलेली असतील तर मात्र उन्हाळा आहे म्हणून थांबता येत नाही. स्नेक प्लँटच्या बाबतीत हे वारंवार दिसते. लोक त्याला मायेने रोज पाणी घालतात आणि मुळाशी ते कुजत जाते. अशा वेळी सडलेला भाग कापून, उरलेले दोन-तीन दिवस सावलीत सुकवून, मग कोरडसर मिश्रणात लावावे लागते.

आलेले प्रत्येक झाड निदान तीन आठवडे इतरांपासून वेगळे राहते. आमच्या भागात कापूस पिकवणाऱ्याला पिठ्या ढेकूण ओळखायला शिकवावे लागत नाही. त्याचाच कापसासारखा पांढरा पुंजका क्रोटनच्या बेचक्यात किंवा जेडच्या पानाखाली दिसला की झाड बाजूला घ्यायचे, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने एकेक कीड पुसायची आणि निंबोळी तेलाची, थोडे साबणाचे पाणी मिसळलेली फवारणी दर आठवड्याला करायची. कोरड्या हवेत पानांच्या मागे बारीक जाळी धरणारी कोळी कीडही येते. तिला पाण्याची जोरदार धार पुष्कळदा पुरते. कीड असलेले झाड कितीही देखणे असले तरी आम्ही विकत नाही, कारण ते घेणाऱ्याच्या घरातली आधीची झाडेही घेऊन बसते.

मातीचा विषय मला विशेष जिव्हाळ्याचा आहे. आपली काळी माती शेतात सोने आहे, पण कुंडीत ती पाणी धरून चिखल होते आणि सुकली की आकसून कडेने भेगाळते. मग वरून घातलेले पाणी त्या भेगेतून थेट खाली निघून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. म्हणून मृग बरसला आणि हवा निवळली की मी झाडे एक भाग माती, एक भाग जाड रेती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत अशा मिश्रणात हलवते, आणि त्यात मूठभर निंबोळी पेंड घालते. पाण्याचेही तसेच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा परिसरातल्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. स्पायडर प्लँट आणि ड्रेसिना यांना ते सोसत नाही आणि त्यांच्या पानांची टोके करपतात. पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर सोडलेले पाणी काही जण झाडांना घालतात. त्यात तर क्षार आणखी दाटलेले असतात. या दोन झाडांसाठी आम्ही पन्हाळीखाली पिंप लावून पावसाचे पाणी साठवतो. जुनी करपलेली टोके पुन्हा हिरवी होत नाहीत, पण नवे पान स्वच्छ निघते, आणि ते निघेपर्यंत मी त्या झाडाला चिठ्ठी लावत नाही. नवे पान दिसणे म्हणजे मुळांनी जागा धरली असे मी समजते, आणि जागा न धरलेल्या झाडाचे पैसे घेणे मला योग्य वाटत नाही.

आता 'इतकेच का' याविषयी. जुलैअखेर मी तालुक्याच्या रोपवाटिकेत जाऊन चालू भाव विचारून येते. तिथल्या भावाच्या साधारण निम्म्यापासून आमची सुरुवात होते आणि मग झाडागणिक वरखाली होते. मनी प्लँटची दह्याच्या डब्यात लावलेली फांदी 20 रुपयांना जाते, कारण ती कोणीही पाण्यात ठेवून वाढवू शकतो. तोच वेल काठीवर चढून भरला असेल तर 150 रुपये. झेडझेड प्लँट लहान दिसला तरी त्याचे 150 रुपये घेतो. त्याचे पान मातीत खोचल्यावर गाठ धरून कोंब वर यायला कित्येक महिने लागतात, आणि तेवढा काळ कोणीतरी तो सांभाळलेला असतो. पिवळ्या काठाचा स्नेक प्लँट मुळासकट वेगळा केलेला असेल तर 80 रुपये, पण त्याच्या पानाच्या तुकड्यापासून वाढवलेले रोप पिवळा काठ गमावून हिरवेच निघते, म्हणून ते 30 रुपयांना. गावात ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात त्याचे मोठे पैसे यावेत असा देणाऱ्यांचा आग्रह असतो. पण ते पान लावून सहज येते आणि फूल पाहायला काही वर्षे थांबावे लागते, म्हणून त्याची किंमत मी 40 रुपयांच्या वर नेत नाही.

कुंडीचा हिशेब वेगळा. कित्येकदा चिनी मातीची कुंडी झाडापेक्षा महाग असते आणि दोन्ही मिळून रक्कम फुगते. अशा वेळी झाड साध्या काळ्या पिशवीत काढून त्याचे पैसे निराळे आणि कुंडीचे निराळे ठेवतो. निंदणाला जाणाऱ्या बाईला झाड हवे असेल तर तिने कुंडीपायी मागे हटू नये.

सर्वांत अवघड प्रसंग येतो तो माया आणि किंमत यांचा मेळ घालताना. ज्या झाडाला कोणी सासूच्या हातचे म्हणून जपलेले असते, त्यावर 50 रुपयांची चिठ्ठी पाहून देणाऱ्याला वाईट वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. मी त्यांना आधीच सांगते की चिठ्ठीवरचा आकडा झाडाचे वय, प्रकृती आणि बाजार यांचा आहे. तुमच्या आठवणीचा भाव लावण्याचा अधिकार मला नाही. चिठ्ठीच्या मागे मात्र 'बावीस वर्षांचे, एकाच अंगणात वाढलेले' असे काही खरे असेल तर लिहिते, आणि लोक ते वाचतात. पुढच्या बाजूला पाणी किती, ऊन किती आणि काय जपायचे एवढे असते. डिफेनबेकिया असेल तर लाल अक्षरात लिहितो की याचे पान चावल्यास तोंडाची आग होते आणि तोंड सुजते. लहान मुले, शेळ्या आणि वासरे यांपासून दूर ठेवावे. हे वाचून गिऱ्हाईक गेले तरी चालेल. तुळशीला किंमत लावत नाही. शेजारी डबा ठेवतो, आणि त्यात जे पडते ते अनेकदा मी लावली असती त्या किमतीहून अधिक असते.

भाव करू देत नाही आणि दुपारनंतर दर उतरवतही नाही. दर उतरवले तर सकाळी पूर्ण पैसे देणाऱ्यावर अन्याय होतो. उरलेली झाडे शाळा आणि आरोग्य उपकेंद्राला देतो, आणि अंगणवाडीला निर्धोक असतील तीच.

संध्याकाळी एकूण जमा आणि त्यातून घ्यायच्या पुस्तकांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते. झाडे देणाऱ्यांची नावे अकारविल्हे लिहितो. कोणाच्या झाडाला किती आले हे त्यात नसते, आणि विचारले तरी मी सांगत नाही. पुढच्या वर्षी ज्यांना झाड द्यायचे असेल त्यांनी ते शक्यतो मार्चमध्येच, खाली भोक असलेल्या कुंडीतून द्यावे, आणि त्याला आजवर कोणते पाणी घालत होता तेवढे सोबत लिहून द्यावे.