छताला भोक एकदाच: कॅम्परमधलं इंटरनेट

टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या कॅम्परमध्ये इंटरनेट बसवताना मी सुरुवातीलाच एक ठरवलं. छतावर आणि सीलिंगच्या आत जे जाईल ते पुढची पाच-सात वर्षं डोळ्यांपुढे ठेवून घ्यायचं, आणि कपाटात राहील ते आजच्या गरजेपुरतं. राउटर दहा मिनिटांत बदलता येतो. छतातली वायर बदलायची म्हणजे सगळं सीलिंग उतरवणं आलं.

म्हणून राउटर घेतला ४जीचा, दोन सिमचा. अँटेना मात्र ५जीचा. छतावर बसणाऱ्या त्याच्या एकाच घुमटातून सात शेपट्या, म्हणजे टोकाला कनेक्टर असलेल्या वायरी, निघतात: मोबाइल नेटवर्कच्या चार, वायफायच्या दोन, जीपीएसची एक. ४जी राउटरला पहिल्या चारांतल्या दोनच लागतात. बाकीच्या दोघींना टोप्या घालून, चिठ्ठी डकवून, वेटोळं करून राउटरशेजारी बांधून ठेवलं. खरेदी करताना अँटेना ६०० ते ६००० मेगाहर्ट्झपर्यंत चालतो ना, हे बघा. आपल्याकडचं ४जी ८५०, ९००, १८००, २१०० आणि २३०० वर चालतं; जिओचं ५जी ७०० आणि ३३०० च्या पट्ट्यात आहे. जुने ४जी अँटेना बहुतेक २७०० ला संपतात, त्यामुळे स्वस्तात मिळाला तरी तो घेऊन उपयोग नाही.

सगळ्यात जास्त सिग्नल वायरमध्ये मरतो. अशा घुमटाला येणारी बारीक कोअॅक्स (अँटेनाची गोल वायर) २३०० मेगाहर्ट्झवर पाच मीटरमध्ये साधारण तीन डेसिबल खाते. म्हणजे छतावर पकडलेला निम्मा सिग्नल राउटरपर्यंत पोचतच नाही, आणि ३३०० वर नुकसान आणखी वाढतं. मी दोन मीटर शेपट्यांचा अँटेना मागवला आणि राउटर त्याच्या बरोबर खाली, कपड्यांच्या कपाटात बसवला. छताला चिकटून नाही, वीतभर खाली. उन्हाळ्यात पत्रा तापला की वरच्या कप्प्याची भट्टी होते, आणि घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्याच हिशेबाने बनवलेले असतात. ७५ अंशांचा औद्योगिक राउटर महाग पडतो, पण गाडीत तोच टिकतो. कपाटाला वर आणि खाली जाळी ठेवली, हवा फिरायला.

भोक पाडण्याआधी आतून ठोकून छताचे आडवे पट्टे शोधले आणि सोलर पॅनेलपासून दीड फूट अंतर सोडलं. घुमटाची सावली पॅनेलवर पडली तर वीज घटते, आणि पॅनेलची चौकट अँटेनाला आड येते. अँटेनाची दांडी मोजून स्टेप ड्रिलने भोक पाडलं. भोवती आधी रुंद मास्किंग टेप लावली आणि निघालेला कीस चुंबकाने गोळा केला. तो रंगावर राहिला तर पहिल्याच पावसात तिथे गंजाचे ठिपके उठतात. भोकाच्या कडेला झिंक प्रायमर, तो वाळल्यावर अँटेनाचं रबर आणि भोवती पॉलियुरेथेन सीलंट. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे चालत नाही; ते सुकताना आम्ल सोडतं आणि उघडा पत्रा खातं. सीलिंग बंद करण्याआधी वीस मिनिटं नळीने पाणी मारलं आणि आतून टॉर्च धरून पाहिलं. छत फायबरचं असेल तर अँटेनाखाली धातूची चकती लागते का, ते आधी विचारा.

सीलिंग उघडंच होतं तेव्हा कपाटापासून छताच्या मागच्या टोकापर्यंत २५ मिलीमीटरचा पाइप टाकला. त्यात दोन कॅट-६ (नेटवर्कच्या) वायरी आणि एक नायलॉनची दोरी. पुढे छतावरचा मोडेम किंवा सॅटेलाइटची डिश बसवायची झाली तर त्या दोरीला बांधून कुठलीही वायर ओढता येईल. कॅट-६ शुद्ध तांब्याची आणि बारीक तारांच्या जुडीची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर गाडीच्या हादऱ्यांनी टोकाला तुटते.

वीज कॅम्परच्या आतल्या वापराच्या वेगळ्या बॅटरीवरून घेतली, इंजिनच्या नाही. स्टार्टर मारताना इंजिनच्या बॅटरीचा व्होल्टेज इतका खाली जातो की राउटर बंद होऊन पुन्हा चालू होतो. बॅटरीजवळ तीन अँपिअरचा फ्यूज, पुढे दीड स्क्वेअर मिलीमीटरची वायर. राउटरचे १० वॅट धरले तर दिवसाला २४० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टवर २० अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीतला पाचवा हिस्सा नुसत्या इंटरनेटला जातो. सोलर ठरवताना हा हिशेब धरा.

माझा अख्खा एक दिवस कनेक्टरने खाल्ला. मोबाइलच्या शेपटीला एसएमए नावाचा आट्यांचा छोटा कनेक्टर असतो, वायफायच्या शेपटीला त्याचाच उलटा प्रकार, रिव्हर्स एसएमए. दोन्हींचे आटे एकच. शेपटीच्या टोकात मध्ये पिन दिसली तर ती मोबाइलची, भोक दिसलं तर वायफायची. मोबाइलच्या सॉकेटला वायफायची शेपटी छान घट्ट बसते, पण भोकासमोर भोक आल्याने मध्ये काहीच जुळत नाही आणि सिग्नल जवळजवळ शून्य. उलट केलं तर पिनावर पिन दाबली जाऊन वाकते. नट हातानेच आवळा, आणि फिरवायचा तो नट, वायर नाही.

सिम दोन वेगळ्या कंपन्यांची. मोडेम एकच असल्याने एका वेळी एकच सिम चालतं. बदलायला मिनिटभर लागतं आणि व्हिडिओ कॉल तुटतो. सिम बदलण्याची अट सिग्नलवर ठेवू नका. गर्दीच्या किनाऱ्यावर दांड्या पूर्ण दिसतात आणि डेटा हलत नाही. मी दर दहा सेकंदांनी पिंग (इंटरनेटला हाक मारून उत्तर येतं का, ही तपासणी) लावलं आणि सलग सहा चुकल्यावरच बदल. आधी तीनवर ठेवलं होतं, तर घाटात राउटर इकडून तिकडे उड्या मारत बसायचा. एपीएनमध्ये (सिमच्या इंटरनेट सेटिंगमध्ये) आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांचे जुने-नवे दोन्ही प्रकार, चालू ठेवा. रिचार्जचे मेसेज आणि ओटीपी आता राउटरकडे येतात, तेव्हा एसएमएस मोबाइलवर पुढे पाठवायची सोय आधीच करा.

बाजारात मिळणारा सिग्नल बूस्टर लावू नका. परवान्याशिवाय तो वापरणं भारतात बेकायदा आहे, आणि त्याने आसपासच्या लोकांचं नेटवर्क बिघडतं.

पुढे ५जी राउटर आणला तेव्हा कपाटाचं दार उघडलं, चिठ्ठ्या वाचून चारही शेपट्या लावल्या, तोच फ्यूज, तीच वायर. अडलं सेटिंगमध्ये. ऑटोवर ठेवला की राउटर ३३०० चा दूरचा, क्षीण ५जी धरून बसायचा आणि अपलोड कोसळायचं. आता मुक्कामाला पोचल्यावर आधी आकडे बघतो: आरएसआरपी (सिग्नलची ताकद) उणे १०० पेक्षा वर आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ) दहाच्या पुढे असेल तरच ५जी, नाहीतर ४जीवर बँड ३ (१८००) किंवा ४० (२३००) लॉक, म्हणजे राउटरने तोच पट्टा धरायचा. डोंगराच्या कुशीत बँड ५ (८५०) किंवा ८ (९००), कारण कमी फ्रिक्वेन्सी वळणाआडही थोडीफार पोचते. वेग कमी मिळतो, पण कॉल तुटत नाही. निघताना लॉक काढायचं विसरलं तर पुढच्या गावात नेटवर्कच सापडत नाही, म्हणून कपाटाच्या दाराला आतून तशी चिठ्ठी लावली आहे.