कुडलच्या खांबांचे फोटो शोधताना

भाचीला आर्किटेक्चरच्या प्रोजेक्टसाठी सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलची जुनी देवळं घ्यायचीत. आज दुपारभर दोघी फोटो धुंडाळत बसलो.

गूगलवर नुसतं नाव टाकलं की तेच ते फोटो फिरत राहतात. कुणी काढला, कधी काढला, पत्ता नाही. अभ्यासाला असा फोटो काय कामाचा? विकिमीडिया कॉमन्स या फोटोंच्या खुल्या संग्रहावर मात्र काढणाऱ्याचं नाव, तारीख, वापराची परवानगी, सगळं फोटोखालीच असतं.

खांबांची तुलना करायला ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांच्या चालुक्य स्थापत्यावरच्या १९२६ च्या ग्रंथातली कर्नाटकातल्या लक्कुंडी, इटगीच्या देवळांची छायाचित्रं इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयात मिळाली. कृष्णधवल आहेत, पण कोरीवकाम काय स्पष्ट दिसतं! भाची तर पडद्यावर बोट ठेवून कंगोरे मोजत होती.

कुडलचं हरिहरेश्वराचं देऊळ मात्र ब्रिटिशकालीन संग्रहांत शोधूच नका. ते अलीकडच्या उत्खननात मातीखालून वर आलंय. त्याचे फोटो आपल्यासारख्यांनीच काढलेले असणार.

म्हणून सोलापूरकरांनो, कुणाकडे त्या उत्खननाच्या वेळचे फोटो असतील तर तारीख आणि दिशा लिहून कॉमन्सवर टाका ना. तिथल्या स्वर्गमंडपाचा, म्हणजे छत मधोमध आकाशाला उघडं असलेल्या मंडपाचा, आतून वर बघत काढलेला एखादा तरी फोटो आम्हाला हवाच आहे.