यंदा एकच गेम: हॉलो नाइटची आतापर्यंतची नोंद

हॉलो नाइट हा जमिनीखालच्या राज्यात फिरत लढायचा व्हिडिओ गेम, त्यात सध्या कुठे पोहोचलोय ते आधी सांगतो. मँटिस लॉर्ड्स हे बॉस, म्हणजे मोठे शत्रू, हरले. सिटी ऑफ टीअर्स या शहराचा बराच भाग पायाखालून गेला, तिथला बॉस सोल मास्टर पडला, आणि आता स्लाय या दुकानदाराकडच्या कंदिलासाठी १८०० जिओ (गेममधले पैसे) जमवतोय. या वर्षी एकच गेम विकत घ्यायचा आणि तो चवीनं खेळायचा असं डिसेंबरात ठरवलं होतं. ते अजून पाळतोय, आणि मन कुठंही दुसरीकडं गेलेलं नाही. इथून पुढं सिटी ऑफ टीअर्सपर्यंतच्या गोष्टी येतील. ज्यांनी गेम सुरू केलाय पण तिथवर गेलेले नाहीत त्यांनी मधला भाग सोडून वाचावं. आणि ज्यांचा संपलाय त्यांना हात जोडून विनंती, पुढचं एक अक्षर मला सांगू नका.

निवडीबद्दल मित्रांनी विचारलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यादीत शेवटी चार गेम उरले होते. द विचर ३, स्टारड्यू व्हॅली, रिटर्न ऑफ द ओब्रा डिन आणि हॉलो नाइट. चारही उत्तम, चारही जुने, चारही केव्हाच पूर्ण होऊन आलेले. हे मी मुद्दाम पाहिलं. वर्षभर एकाच गेमसोबत राहायचं तर तो पूर्ण झालेला हवा. दर महिन्याला नवा सीझन, रोज हजेरी लावली की बक्षीस, असला प्रकार नको. तिथं गेम आपल्या वेळेनं चालत नाही, आपल्याला त्याच्या वेळेनं पळावं लागतं.

२०१५ चा विचर ३ हा फार मोठा आणि फार प्रेमानं केलेला गेम आहे. पण त्याच्या एकेका प्रसंगाला सलग दोन-तीन तास हवेत. मला पहाटे कामावर जाण्याआधी पाऊण तास मिळतो, रात्री कधी मिळतो कधी नाही. ओब्रा डिनवर माझा जीव आहे. लुकास पोप यांनी २०१८ मध्ये आणलेला हा गेम, १८०७ साली परत आलेलं एक रिकामं जहाज, त्यावरच्या साठ माणसांचं काय झालं हे ईस्ट इंडिया कंपनीचा निरीक्षक होऊन आपण शोधायचं. त्या साठांत हिंदुस्थानी खलाशीही आहेत. पण कोडं एकदा सुटलं की सुटलं, त्या जहाजावर पुन्हा जाण्याचं कारण राहत नाही. स्टारड्यू व्हॅली एरिक बॅरोन यांनी एकट्यानं केला, २०१६ मध्ये आला. त्यात रमायला वेळ लागत नाही, पण मला हाताची परीक्षा पाहणारं काहीतरी हवं होतं.

मग उरला हॉलो नाइट. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडची टीम चेरी ही मूठभर माणसांची टीम. एरी गिब्सन यांनी सगळं हातानं चितारलं, विल्यम पेलन यांनी रचना आणि कोड सांभाळला, क्रिस्टोफर लार्किन यांनी संगीत दिलं. २०१४ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर त्यांनी ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले होते, मिळाले ५७ हजारांच्या वर. २४ फेब्रुवारी २०१७ ला गेम आला आणि त्यानंतर दीड वर्षात चार मोठे भाग त्यांनी फुकट जोडले. सप्टेंबर २०२५ मध्ये सिल्कसाँग, म्हणजे याचाच पुढचा गेम, आला तेव्हा सगळीकडं त्याचीच चर्चा होती. मी ठरवलं, आधी पहिलाच नीट खेळायचा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात रुपयांत किंमत दिसते, यूपीआय चालतं, विंटर सेलमध्ये घेतला. डिस्कवर साधारण ९ जीबी. माझ्या जुन्या मशीनवर एकही अडखळ नाही, आणि एकदा उतरवला की नेटची गरज नाही, हा मुद्दा आमच्या सोलापूर भागात फार महत्त्वाचा आहे.

आता ज्या गोष्टीवर मी निवड केली ती. गेम किती तासांचा आहे हे मी पाहतच नाही. तो किती दाट आहे ते पाहतो. मी एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या डिझाइनचं काम करतो. आमच्याकडं चादर हातात घेतली की लांबी कुणी आधी मोजत नाही. बोटांच्या चिमटीत धरून ताणा-बाणा किती घट्ट बसलाय ते बघतात. गेमचंही मी तसंच बघतो. एखाद्या खोलीतून चौथ्यांदा जाताना तिथं नवीन काही सापडतं का? सापडत असेल तर तो वर्षभर पुरतो. नुसता लांबरुंद असेल तर महिन्याभरात विरतो.

जानेवारी. गड्डा यात्रा संपेपर्यंत हात लावला नाही. होम मैदानावर पाळणे फिरत असताना घरी पाहुणे होते आणि तेव्हा खोलीत कोंडून बसणं बरं नाही. पाहुणे गेल्यावर सुरू केला. किंग्ज पास, डर्टमाउथ, विहिरीतून खाली फरगॉटन क्रॉसरोड्स. पहिले काही दिवस फक्त उडी, वार आणि फोकस. शत्रूला मारलं की सोल, म्हणजे शक्ती, भरतं, थांबून ते वापरलं (हाच फोकस) की मास्क, म्हणजे जीव, परत येतो. म्हणजे बरं व्हायचं असेल तर आधी जवळ जाऊन लढावं लागतं. भित्र्या खेळाला इथं औषधच नाही. या एका नियमावर सगळा गेम उभा आहे आणि मला तो फार आवडतो.

नकाशाचा प्रकार मात्र सगळ्यांत सुंदर. नव्या भागात गेलात की नकाशा कोरा. कुठंतरी जमिनीवर कागदाचे तुकडे पडलेले दिसतात, कुणाचं तरी गुणगुणणं ऐकू येतं, त्या दिशेनं गेलं की कॉर्निफर भेटतो आणि अर्धवट नकाशा विकतो. त्याची बायको इसेल्डा डर्टमाउथला दुकान मांडून बसते. तिच्याकडून १२० जिओची लेखणी घेतली तर पुढचा भाग भरत जातो, तोही बाकावर, म्हणजे गेम सेव्ह होतो त्या जागी, बसल्यावरच. आपण नेमके कुठं उभे आहोत हे बघायचं तर २२० जिओचा वेवर्ड कंपास हवा, आणि तो चार्मची, म्हणजे अंगावर लावायच्या ताईतांची, एक जागा खातो.

मी कंपास लावलाच नाही. त्याऐवजी ऑफिसातल्या जुन्या कपाटातला ग्राफ कागदाचा गठ्ठा घरी आणला. जॅकार्डची नक्षी पूर्वी याच कागदावर काढायचे, एक चौकोन म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याचा एक छेद, आणि त्यावरून पंच कार्डं पडायची. आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, कागद पडून होता. प्रत्येक खोली मी त्याच्यावर मोजून काढतो. जिथं आत्ता पोहोचता येत नाही तिथं लाल खूण, जिथं आवाज येतो पण दिसत काही नाही तिथं निळी. बरण्यांत अडकलेल्या अळ्या, म्हणजे ग्रब, हिरव्या. एकूण ४६ आहेत एवढं मला ठाऊक आहे, कुठं आहेत ते बघणार नाही. यानं वेग निम्मा होतो. पण खोली डोक्यात बसते. आता क्रॉसरोड्सची कुठलीही खोली विचारा, डावीकडून किती फळ्या आणि कुठल्या फळीवर कोण फिरतं ते सांगेन.

फेब्रुवारी ग्रीनपाथमध्ये गेला. तिथली बॉस हॉर्नेट हिनं चांगलंच दमवलं. तिला हरवल्यावर मॉथविंग क्लोक मिळतो, म्हणजे डॅश, झटकन पुढं झेपावणं. त्या आठवड्यात मी पुढं गेलोच नाही, मागं वळलो आणि क्रॉसरोड्सच्या लाल खुणा एकेक करून तपासल्या.

मार्चमध्ये फंगल वेस्ट्स आणि मँटिसांचं, म्हणजे लढवय्या किड्यांचं, गाव. इथं जरा थांबतो, कारण हा गेमचा आतापर्यंतचा कळस आहे.

गावातले मँटिस दिसताक्षणी अंगावर येतात, आणि सुरुवातीला दोन-तीन जण एकदम आले की माझं काही चालायचं नाही. तिथंच मँटिस क्लॉ मिळतो, भिंतीवर चढता येतं. खाली सिंहासनावर तिघं लॉर्ड्स बसलेले. आपण समोर जाऊन आव्हान द्यायचं, मग ते उठतात. आधी एकटा, तो पडला की उरलेले दोघं मिळून. त्यांचे वार तीनच: जमिनीलगत सरळ झेप, वरून खाली सूर, आणि भिंतीला चिकटून फेकलेलं फिरतं शस्त्र. तिन्हींच्या आधी स्पष्ट इशारा असतो. फसवणूक कुठंच नाही. हरलो तर नेमकं कशामुळं ते त्याच क्षणी कळतं. माझी अडचण सुरावरच होती, मी उशिरा डॅश करत होतो. मग एक पूर्ण सकाळ वार न करता फक्त चुकवण्यात घालवली. दुसऱ्या दिवशी दोघांचा ताल ऐकू यायला लागला. एक वरून येतो तेव्हा दुसरा कुठून येईल हे हाताला आधी कळायचं, डोळ्यांना नंतर.

जिंकल्यावर ते मरत नाहीत. वाकून मान देतात. आणि परत वर गावात गेलं तर तेच मँटिस, जे आधी जीव घ्यायला धावायचे, तेही वाकून उभे राहतात. मी गावभर सावकाश चालत फिरलो. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, कुणालाही न मारता. एवढी दाद मला कुठल्याही ट्रॉफीनं दिलेली नाही. पुढचा गेम डाउनलोड होत असता तर मी हे गाव पळतच ओलांडलं असतं.

क्लॉ मिळाल्यावर पुन्हा अगदी सुरुवातीला, किंग्ज पासला गेलो. ज्या जागेतून गेम सुरू होतो तिथंच भिंत चढून वर जायची वाट होती, हाउलिंग क्लिफ्सकडं नेणारी. पहिल्या दिवशी त्या भिंतीखालून मी गेलो होतो. दाट म्हणतो ते हेच.

एप्रिलला पारा चाळिशीच्या पुढं गेला आणि त्याच सुमाराला मी सिटी ऑफ टीअर्समध्ये पोहोचलो. फंगल वेस्ट्समधून मोठ्या दरवाज्याशी जायचं, फॉल्स नाइट या बॉसकडून मिळालेली मुद्रा तिथल्या पुतळ्यात बसवायची, दार उघडतं आणि आपण आत गेल्यावर मागं बंद होतं. आत पाऊस. जमिनीच्या पोटात वसलेलं शहर आणि त्यावर सतत पाऊस. लार्किन यांच्या संगीतात एक बाई हळू आवाजात गाते, आणि खोलीच्या आत गेलं की पावसाचा आवाज काचेपलीकडून आल्यासारखा होतो. एका खिडकीजवळच्या बाकावर क्विरल हा भटका बसलेला भेटतो. मीही बसलो. कंट्रोलर मांडीवर ठेवून बराच वेळ.

अक्का उन्हाळ्यात माहेरी आली होती, ती मागं उभी राहून बघत होती. तिला गेममधलं काही कळत नाही, पण तिनं विचारलं, "अरे, हे जमिनीखाली आहे ना? मग पाणी कुठून येतंय?" सोलापूरच्या माणसाला हा प्रश्न आधी पडणारच. उजनी, टाकळी, हिप्परगा, कुठल्या भागात कुठलं पाणी हे आमच्या घरोघरी पाठ असतं. मी कागद काढले. शहराच्या वर नक्की काय आहे ते माझ्या नकाशात कोरं होतं. सोल मास्टरला हरवून, पूर्वेकडच्या लिफ्टनं वर जाऊन, रेस्टिंग ग्राउंड्सच्या बाजूला निळं तळं सापडलं. दोन कागद एकावर एक ठेवले तर तळं बरोबर शहराच्या माथ्यावर. तेच खडकातून झिरपतंय. अक्काला फोन करून सांगितलं, "मिळालं गं, वर तळं आहे." ती खूश झाली. खरं श्रेय तिचंच, मी कदाचित इतक्या लवकर तिकडं गेलो नसतो.

एक मित्र आहे, महिन्याचं सबस्क्रिप्शन घेतो आणि आठवड्याला एक गेम उडवतो. तो भेटला की विचारतो, "काय करायलास बे, अजून त्याच शहरात?" त्याचंही म्हणणं मी नीट ऐकलंय. निरनिराळं खेळल्याशिवाय आपल्याला काय आवडतं ते कळणार कसं, असं तो म्हणतो, आणि नवख्या माणसासाठी ते अगदी बरोबर आहे. पण त्यासाठी विकत घ्यायची गरज नाही. स्टीमचा नेक्स्ट फेस्ट होतो तेव्हा शेकडो डेमो फुकट असतात, ते पोटभर खेळा. घेतलेला गेम दोन तासांच्या आत खेळून नाही पटला तर चौदा दिवसांत पैसे परत मिळतात. चाखायचं तिथं. राहायचं मात्र एकाच ठिकाणी. शिवाय मित्राला मँटिसांच्या गावाबद्दल विचारलं तर "हो, तो बॉस होता" एवढंच आठवलं. त्यानंही हाच गेम पूर्ण केलाय.

माझी सध्याची मांडणी, ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी. पहाटेची वेळ ठरलेली. एका बैठकीत एकच काम: एक भाग शोधणं, किंवा एक बॉस, किंवा लाल खुणा तपासणं. तिन्ही एकदम नाही. बाकावर बसल्याशिवाय उठायचं नाही. वीज जायची शक्यता असेल तर बॉसकडं फिरकायचं नाही, त्या दिवशी कागदच रंगवायचे. व्हिडिओ, गाइड, विकी सगळं बंद. अडलो तर मागं जायचं, बाहेर नाही.

आता कंदील. ग्रीनपाथमध्ये एक अंधारी जागा फेब्रुवारीपासून माझ्या कागदावर काळ्या चौकोनांत आहे. आत गेलं की काहीच दिसत नाही, फक्त पावलांचा आवाज. १८०० जिओ ही माझ्यासाठी मोठी रक्कम आहे, आणि मेलो तर सगळे जिओ मेल्या जागी उरलेल्या आपल्या सावलीपाशी राहतात, तिथवर परत जाऊन तिला हरवलं तरच मिळतात. म्हणून सध्या ओळखीच्या खोल्यांतच फिरतोय, सिटीच्या पहारेकऱ्यांवर हात साफ करतोय, खाली वार करून उसळी घ्यायचा सराव त्यातच होतोय. १४०० च्या जवळ आलोय. डीपनेस्ट या पुढच्या भागाचं दार उघडलंय, पण कंदिलाशिवाय तिकडं उतरणार नाही. ज्यांनी कंदील घेण्याआधी डीपनेस्ट केलंय त्यांनी फक्त एवढंच सांगा, थांबतोय ते बरोबर का. बाकी आत काय आहे ते नको.