चांगभलंमधला च

सोमवार, रात्री

भाचीला आज नऊ दिवस झाले. गुरुवारी बारसं. आत्या म्हणून कानात नाव सांगायचा मान माझा, त्यामुळे दुपारी धाकट्या भावाकडे गेले तेव्हा मनातलं एकदाचं बोलून टाकलं. म्हटलं, चांगुणा ठेवूया. आजीचं नाव.

काकू म्हणाली, हल्ली असली नावं कोण ठेवतं? आईचा चेहरा उतरला. "पोथीतल्या चांगुणेनं पोटच्या पोराचं डोकं उखळात कांडलं. ते नाव पाळण्यातल्या पोरीला द्यायचं?" भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, शाळेत तिला सगळे चंगुना म्हणतील."

काकूचं सोडून दिलं. आईचं आणि भावाचं मात्र डोक्यातून जात नाही.

आईच्या मनात काय येतं ते मला समजतं. शिवलीलामृताचा चौदावा अध्याय मीही लहानपणी आजीच्या शेजारी बसून ऐकलाय. श्रीधरांनी शके १६४० मध्ये बारामतीत हा ग्रंथ पूर्ण केला, म्हणजे तीनशे वर्षं होऊन गेली, पण आजी वाचायची तेव्हा काल घडल्यासारखं वाटायचं. अतिथी होऊन आलेला शंकर श्रियाळ राजाच्या लेकराचंच मांस मागतो. राणी चांगुणा आठवण म्हणून डोकं बाजूला लपवून ठेवते, तर तेही काढायला लावतो आणि गाणं म्हणत कांडायला सांगतो. शिवभक्तांच्या कथा सांगणाऱ्या तमिळ पेरियपुराणात हीच कथा सिरुत्तोंडर नायनार या संताची म्हणून येते. तिथेही ऐकवत नाही. पण आईला कथा उखळापाशी थांबलेली आठवते आणि मला पुढची. पानं वाढलेली असतात, अतिथी म्हणतो, तुझ्या मुलाला जेवायला हाक मार. जो उरलाच नाही त्याला ती दारात जाऊन हाक मारते आणि चिलयाबाळ धावत येतो.

त्या ओवीपाशी आजी पोथीतून मान वर करायची आणि दाराकडे बघून खरोखरच हाक मारायची. दर वेळी. आम्ही पोरं वळून बघायचो. माझ्यासाठी चांगुणा म्हणजे ती हाक मारणारी बाई. गेलेलं लेकरू जिच्या हाकेला ओ देतं, तिचं नाव अशुभ कसं असेल?

आता उच्चार. भावाचं म्हणणं खोटं नाही, आणि मला तेच जास्त लागतं.

लिहिताना आपण च एकच लिहितो, बोलताना मात्र दोन असतात. चंद्र, चिमणी, चेहरा म्हणताना जीभ वर टाळूला चिकटते. चाक, चूल, चोच म्हणताना ती पुढे दातांच्या मागे येते आणि त-स एकत्र आल्यासारखं ऐकू येतं. चार म्हटलं की एक च आणि गुराचा चारा म्हटलं की दुसरा. हे आपल्याला कुणी शिकवत नाही, आईच्या तोंडून येतं. चांगुणेचा च हा चाऱ्यातला, चांगल्यातला. वर पुढे ण आहे. च टाळूला नेला आणि ण चा न केला की त्या नावातलं मराठीपणच जातं, उरतं ते भलतंच काहीतरी.

आजीच्या शेवटच्या वर्षांत एकदा तिला पेन्शनच्या कामासाठी बँकेत नेलं होतं. बाकावर ती माझ्या शेजारी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. मी पासबुकाची झेरॉक्स शोधत होते. काउंटरवरून तीनदा पुकारा झाला, "चंगुनाबाई, चंगुनाबाई." मागचे दोघं पुढे होऊन काम उरकून गेले, तरी आजी हलेना. मी म्हटलं, अगं, तुलाच बोलावतायत. ती माझ्याकडे बघत राहिली. "मला कुठं हाक मारली त्यानं?"

ऐंशी वर्षं जी हाक ऐकली, ती ही नव्हतीच. आजोबांनी तर जन्मात कधी नावानं हाक मारली नाही, पण माहेरची माणसं वाड्याच्या दारातून "चांगुणे" म्हणायची तेव्हा ती हातातलं टाकून धावायची.

पण म्हणून नावच ठेवायचं नाही, हे मला पटत नाही. न येणाऱ्याला उच्चार शिकवता येतो. मला आजीनंच शिकवला होता. पोथीतल्या स्वतःच्या नावाखाली बोट ठेवायची आणि म्हणायची, "जीभ दाताला लाव, मग म्हण." त्या ओळीपाशी तिच्या बोटाचा तेलकट डाग पडलाय. पोथी आता माझ्याकडे आहे.

भावजय भोपाळची, माहेर हिंदी बोलणारं. दुपारच्या सगळ्या बोलण्यात ती गप्प होती, बाळाला थोपटत. मी निघताना हळूच म्हणाली, "मेरे से तो होगा नहीं, ताई." मी तिला विचारलं, लग्नानंतर जोतिबाला गेला होतात तेव्हा डोंगरावर काय ओरडलीस? गुलालानं माखलेला तिचा तेव्हाचा फोटो अजून त्यांच्या हॉलमध्ये आहे. ती हसली आणि म्हणाली, "चांगभलं." अगदी बरोबर च. हजार माणसं भोवती ओरडत असताना ऐकलेला, तसाच्या तसा. म्हटलं, तोच घे, पुढे गुणा लाव.

पहिल्यांदा च पुन्हा टाळूला गेला. मग जमला, पण ण निसटला. भाऊ दारात उभा राहून ऐकत होता, काही बोलला नाही.

आत्ता साडेदहाला तिचा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज आला. अकरा सेकंदांचा. आधी पंख्याची घरघर, मग बाळाचं कुरकुरणं, आणि त्याच्यावर तिचा दबका आवाज, जीभ नीट दाताला लावून: "चांगुणे, सो जा ना गं."

मी तो आईला पाठवला. निळ्या खुणा आल्यात. उत्तर अजून नाही.